कडेने

पाडव्याच्या आदल्या रात्री, पालयेच्या सड्यावर
चिऱ्यात अजून दिवसाची ऊब.
खाली काजूच्या बागेत कुणाची तरी भाटी पेटलेली,
हुर्राकाचा वास येतो, जातो.
पूर्वेला मोपाचा उजेड.
विमानतळ झाल्यापासून त्या बाजूचे बारीक तारे
मी वहीतून खोडलेत, पेन्सिलीने,
न जाणो.

बाबांना हाताला धरून आणले,
प्रत्येक दगड आधी सांगत.
एकतीस वर्षे वीजखात्यात लाईनमन,
अर्ध्या पेडण्याचे खांब यांच्या गुडघ्यांना पाठ.

म्हापशाच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवले होते:
नजरेच्या बरोब्बर मध्ये काळा ठिपका,
बाकी कडा शाबूत.
ज्याच्याकडे बघावे तेच जाते.
माझ्यातले त्यांना आता
केस दिसतात, कानातले दिसते.

"सांग, काय काय वर आलंय?"
मी सांगू लागते. मघा, डोक्यावर. पूर्वा. उत्तरा.
पश्चिमेकडे पुष्य, त्यात तो पुसट पुंजका,
तव्यावर पीठ सांडल्यासारखा.
"यादी नको. लाईन सांग. कुठून कुठे गेलीय?"

मग मी सप्तर्षींच्या शेपटीपासून सुरुवात करते.
तिथून निघालेली तार स्वातीवर टेकते,
तशीच पुढे खाली, चित्रेपर्यंत.
"ताठ?"
नाही, झोळ आहे.
"असायलाच हवा," बाबा खूश,
"थंडीत तार आखडते. झोळ न सोडणारा
लाईनमन नव्हे."

चित्रेपासून हस्ताकडे एक मूठ आणि थोडे,
तिथे एक दीर्घिका असायला हवी.
दुर्बीण माझीच, पाण्याच्या पाइपातली,
आरसा घासता घासता
दोन पावसाळे गेले.
डोळा लावते. काळोख.
अंधुक गोष्टीवर नजर रोखायची नसते,
जरा बाजूला बघायचे,
मग ती चोरपावलांनी आत येते.
ठाऊक आहे मला. शाळेत मुलांना शिकवतेसुद्धा.
पण डोळा हट्टी, पुन्हा पुन्हा मधोमध जातो
आणि पुन्हा पुन्हा काही नसते.

"बघू," बाबा म्हणतात.
मी त्यांना वाकायला मदत करते.
बराच वेळ नुसता श्वास, आणि भाटीकडून कुणाचे तरी हसणे.
"आसा."
काय आसा?
"तिरपी रेघ. वर फुगवटा. आमच्या हेल्मेटासारखी.
आनी मदीं, पळय, एक काळी पट्टी."

तीन कोटी वर्षे चाललेला उजेड
एका म्हाताऱ्याच्या डोळ्याच्या काठावर उतरला.
माझ्या पाइपातून ती पट्टी दिसत नाही,
निदान मला आजवर कधी दिसलेली नाही.
ती तिथली धूळ
की त्यांचाच ठिपका,
मी विचारले नाही. वहीत मात्र लिहिले:
अकरा चाळीस. काळी पट्टी. बाबा.

मग खालच्या वाड्यातली वीज गेली.
एकदम. मंदिराची माळ, केणींच्या अंगणातला दिवा, सगळे.
दक्षिणेला, समुद्राच्या जरा वर,
त्रिशंकूचे चार तारे उभे होते
की आत्ता उभे राहिले?
"फ्यूज," बाबा आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणाले,
"पिंपळाकडचा. कायमचा ढिला."
मी फोन काढला, तशी त्यांनी चाचपडत
माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राव गो. इतक्यात नको."