धावदोरा

बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो.
संग्रहालयातून आलात म्हणे, दोन गाड्या बदलून, इथे बांगूपर्यंत,
आणि तुम्हाला हवाय महिला संघाचा इतिहास
सनावळीसकट.

सन मला येत नाहीत. मापं येतात.
जुरेमा: छाती शहाऐंशी, खांदा अडतीस,
डावा खांदा बोटभर खाली,
लहानपणापासून टेकडीवर पाण्याचे डबे वाहून.
दाल्वानिरा गोलकीपर,
बाही कितीही सोडा, मनगट उघडंच.
नेउझाला टेप लावला की गुदगुल्या,
तिच्या मापात कायम चार सेंटिमीटर हसू.

तेव्हा कायदा होता. एकेचाळीसचा.
एवढा एक सन पाठ आहे, मी त्याच साली जन्मले.
कागदावर होतं की बायकांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ
बायकांनी खेळू नयेत.
कुणाचं माप घेऊन शिवला होता कुणास ठाऊक.
आमच्या अंगावर बेतलेला नव्हता,
जिवावर बेतला.

माझी थोरली बहीण इरासेमा
गिरणीमागच्या लाल मातीत खेळायची,
सूतखात्यातल्या पोरी विरुद्ध रंगखात्यातल्या.
शिपाई दिसला की चेंडू झग्याखाली
आणि ही कमरेवर हात ठेवून चालायला लागायची,
दिवस भरल्यासारखी.
एकानं तर तिला हात धरून रस्ता ओलांडून दिला,
म्हणाला, जपून हो बाई.
हे लिहून घ्या.

पुढच्या खेपेला शिपाई दुसरा होता.
चौकीतून ती पहाटे आली. चेंडू नव्हता.
काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
कायदा उठल्याचं रेडिओवर आलं
तेव्हा ती चव्वेचाळीसची, गुडघ्यात पाणी झालेलं.
ऐकलं, आणि म्हणाली,
घेवड्यात मीठ जास्त पडलंय आज.

मग अठ्ठ्याऐंशीत पोरी निघाल्या चीनला.
देशाचा संघ!
माझ्याकडे गठ्ठा आला, सुतळीनं बांधलेला,
पुरुषांचे वापरून विटलेले पिवळे सदरे,
एकाच्या कॉलरला अजून दाढीच्या साबणाचा वास.
जुरेमानं घातला तर बाह्या कोपराखाली, घेर मांड्यांवर.
आरशात बघून म्हणाली, झुल्मिरा,
यात मी कुठाय?

खांदे उसवले. बाजू आत घेतल्या.
पाठीवरचा नऊ काढून वीतभर खाली लावला.
पण सुईची जुनी भोकं बुजत नाहीत हो.
उजेडात धरलं की दिसायचा
तिच्या नवाच्या वर आणखी एक नऊ,
नुसत्या भोकांचा.

मशीनचा पट्टा त्याच रात्री तुटला.
सोळाच्या सोळा सदरे मी हातानं टाचले, धावदोऱ्यावर.
म्हटलं, पळताना जपून, उसवतील.
नेउझा म्हणाली, मग पळायचं कसं जपून, ते पण शिवून दे.

तिसऱ्या आल्या.
विमानतळावर चार आया, एक भाऊ गिटारवाला
आणि मी, पदकं नाही, टाके बघायला.
आठवड्यानं माणूस आला, सदरे परत न्यायला.
मोजले, पंधरा भरले.
सोळाव्याचं मला काही ठाऊक नाही
असं मी तेव्हा सांगितलं.

मागल्या जूनमध्ये बाजारातल्या दुकानात
बायकांसाठीच कापलेला पिवळा सदरा टांगलेला दिसला.
खांद्याची शिवण तिथेच, जिथे खांदा संपतो.
मी आतून बाहेरून चाचपला,
कुठे घ्यायचं नाही, कुठे सोडायचं नाही.
दुकानदार पोरगा विचारत राहिला, आजी, देऊ का बांधून?
मला उत्तर देता येईना.
दातांत टाचण्या धरल्यासारखं
तोंड मिटूनच राहिलं.

हा घ्या. बिस्किटांच्या डब्यात होता, डांबरगोळ्यांसोबत.
काचेत ठेवाल ना?
टाके पक्के करू नका कुणी.
इस्त्री नको.
आणि दिवा समोरून लावू नका, बाई,
मागून लावा.