पेन्सिलीने लिहिलेली ड्युटी लिस्ट

नेरूळच्या या तिसऱ्या मजल्यावर
दर महिन्याच्या सव्वीस तारखेला
मी पेन्सिलीला टोक काढते
आणि बावीस जणांची झोप वाटायला बसते.

आढावला रविवार हवा, लेकीची स्कॉलरशिपची परीक्षा.
जिन्सीला सलग सुट्ट्या, गाव गाठायलाच दोन दिवस जातात.
ब्रदर शेवाळे काही मागत नाही,
म्हणून त्याच्या पानात उरलंसुरलं पडतं
शेवटच्या पंगतीसारखं.
आणि तांडेल. तिनं परवा सुक्या जवळ्याची चटणी आणली.
डबा रिकामा परत द्यायचा नसतो.
तिच्या नाइट कमी आहेत.
मोजून बघा. मी मोजल्यात.

मी नवी होते तेव्हा आमच्या इन्चार्ज बाईंनी
नातेवाइकांसमोर विचारलं होतं, हात आहेत की पाय?
लिननच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून
रडले होते, आवाज न करता.
तेव्हाच ठरवलं, आपण असं वागायचं नाही.
ठरवलं होतं.

मग गावित आली. नवापूरची. बारीक आवाजाची.
राउंडला सगळ्यांदेखत मी म्हटलं,
सहा नंबरचा चार्ट अर्धवट का?
ती म्हणाली, सिस्टर, ती तुमची शिफ्ट होती.

होतीच माझी.
डॉक्टर फाइलमध्ये बघत राहिले. कुणीतरी खोकलं.

सप्टेंबरात तिला अकरा नाइट पडल्या.
ती भांडली नाही.
लिस्टपुढे उभी राहिली, मोबाइलवर फोटो काढला, गेली.

एचआरची मुलगी फॉर्म घेऊन आली मधेच.
कामात समाधान आहे का? एक ते पाच.
मी विचारलं, कुणाचं?
तिला वाटलं, गंमत करतेय.
मी चार लिहिलं. सगळ्यांनीच चार लिहिलं होतं.
पाच खोटं वाटतं,
तीन लिहिलं तर केबिनमध्ये बोलावतात.

आणि परवा सकाळी चार्ज घेताना
वहीत गावितचं अक्षर:
पोटॅशियम पाठवलंय. सहाची सलाइन सातला संपेल.
एमआयडीसीचा वास येत होता, खिडक्या लावल्या.
मग एक ओळ सोडून:
बेड नऊ. आजोबा तीनच्या सुमाराला
सुमनबाईंना हाक मारतात. त्या आता नाहीत.
हाक मारली की ओ द्यावी. झोपतात.

एकोणीस वर्षं या वह्या तपासतेय मी.
याला कॉलम नाही.

ऑक्टोबरच्या लिस्टमध्ये
तिच्या नावापुढचे एन खोडायला घेतले.
पहिलाच चौकोन. तिथला कागद आधीच पातळ झालेला,
मीच किती वेळा लिहून खोडलं असेल.
फाटला.
भोकातून खालचा डाएटचा तक्ता दिसला:
मऊ भात, बिनमिठाचं वरण.
चिकटपट्टी लावली.
त्यावर पेन्सिल उमटेना. पेनाने माझं नाव लिहिलं, भोपी.

इन्चार्जला नाइट नसते.
मेट्रनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
माणसं कमी आहेत, मी म्हटलं.
ते तर कधीही म्हटलं तरी खरंच असतं.

तीनला दहा मिनिटं होती.
पाय भरून आलेले, चप्पल काढून बसलेले.
खिडकीत पाम बीच रोडचे दिवे,
त्यापलीकडे खाडी असणार, दिसत नव्हती.

सुमन.

अनवाणीच गेले. ओ.
गॅस बंद केलास?
केला.
दुधावर झाकण?
ठेवलं.
मग पड जरा. किती राबशील.

मी सलाइनचे थेंब मोजत उभी राहिले,
मिनिटाला वीस हवेत.
दोनदा चुकले.

सकाळी गावित आली चार्ज घ्यायला.
नऊ? तिनं विचारलं.
दिली ओ.
किती वाजता?
मी वेळ सांगितली. तिनं लिहून घेतली.