गॅसचा प्रश्न

बाहिया ब्लांकातला ऑगस्ट, म्हणजे ऐन हिवाळा.
वारा विद्यापीठाच्या खिडक्या रात्रभर खडखडवतो.
तिसऱ्या मजल्यावर ओफेलिया सुबिरिया एकटीच,
माते गार झालाय. फळ्यावर
सकाळचं तसंच राहिलंय:
पक्षी उडतात. पेंग्विन पक्षी आहे.
खाली कुणीतरी पेंग्विन काढलाय, टाय घातलेला.

वीस वर्षं ती हेच शिकवते.
नियम म्हणजे अपवाद येईपर्यंतचा मुक्काम.
दावा म्हणजे वर्तुळ, खंडन म्हणजे बाण,
आणि बाण मारणाऱ्यालाच कुणी बाण मारला
तर पडलेला दावा उठून बसतो,
धुळीसकट.

आज प्रोग्रामला तिनं घरचंच भांडण दिलंय.

क: आई गॅस चालू ठेवून झोपली,
तेव्हा तिनं एकटं राहू नये. (भाऊ, एवारिस्तो.)
ख: ज्योत वाऱ्यानं विझली. इथला वारा
बंदरावरच्या कोठारांचे पत्रे उचलतो,
एका बर्नरची काय कथा.
ग: त्या दिवशी खिडक्या बंद होत्या. (शेजारीण, दोन्या इर्मा.)
घ: दोन्या इर्माला चष्म्याशिवाय
स्वतःची मांजर ओळखता येत नाही.

घ नं ग ला पाडलं, ग पडला तसा ख उभा राहिला,
ख नं क ला लोळवलं.
पडद्यावर आई जिंकली.
ओफेलियाला हायसं वाटायच्या आत
लक्षात आलं, ख आणि घ दोन्ही तिचेच.
यंत्राला बाणाची दिशा कळते,
धनुष्य कुणाच्या हातात, ते नाही.

अकराला तिनं फोन लावला. आई जागीच.
"वाऱ्याबिऱ्याचं काही नाही गं,
मीच विसरले. लख्ख आठवतंय मला:
निळी किटली, डावा बर्नर,
रेडिओवर फुटबॉल,
आणि मी विसरत होते."

ओफेलियानं नवं वर्तुळ काढलं. च.
एक बाण ख कडे गेला.
दुसरा निघाला, अर्ध्या वाटेत वळला
आणि च वरच येऊन टेकला.

च आत नाही, बाहेर नाही.
च च्या नादानं ख लटकला, ख च्या नादानं क.
तेवढी दोन्या इर्मा मात्र अजून हरलेलीच.

ओफेलियानं पडदा मिटला, दिवे घालवले,
तीन मजले उतरून खाली आली,
कोटाची बटणं लावली वरपर्यंत,
आणि परत तीन मजले चढली,
खोलीतला हीटर बंद केला होता का
ते बघायला.