रांगेत एक

तार्तूच्या इस्पितळात, तळघरात, रात्रीचे पावणेतीन.
दोन सर्व्हर. एक पडला की दुसऱ्यानं उचलायचं,
असं ठरलेलं.
पण छपाईची सेवा इकडे मरते,
तिकडे जागी होते, चाळीस सेकंद श्वास घेते
आणि तिकडेही मरते.
उर्वे पुटपुटते : खांदा बदलला, ओझं तेच.

बाळंतिणींच्या मजल्यावरून मेलिताचा फोन :
मनगटाच्या पट्ट्या येत नाहीत,
तीन बाळं झालीत, नावं पेनानं लिहितेय,
त्यात दोन जुळी. आटप बाई.

राईच्या पावाचा चुरा कीबोर्डवर.
तांदळातले खडे निवडावेत तसे
ती ड्रायव्हर निवडते, एकेक.
सापडतो :
क्षयाच्या जुन्या वॉर्डातला प्रिंटर.
वॉर्ड पाडला, प्रिंटर भंगारात गेला,
ड्रायव्हर मात्र राहिला,
जो जागा होईल त्याच्या पोटात.
आणि त्याच्या रांगेत एक काम अजून ताटकळत.
पानं दोन. पाठवणारी लेइडा.
तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

लेइडा कोण, उर्वेला ठाऊक नाही.
जेवणाची यादी असेल.
कुणाला घरी सोडल्याचा कागद असेल.
पुसायच्या आधी ती फाइल बाजूला ठेवते,
का, ते विचारू नका,
मग ड्रायव्हर काढते.

चाळीस सेकंद.
एक्केचाळीस.
बेचाळीस.

पुन्हा फोन.
आल्या, मेलिता म्हणते, प्रत्येकाच्या चौदा.
मी चौदा वेळा बटण दाबलं होतं.