एक टन

टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं आप्पांच्या हातात.
पलंगावरूनच त्यांनी ते भिंतीला दाबून धरलं.
"सोडू नका हं," म्हटलं, तर म्हणाले,
"बत्तीस वर्षं साचे धरलेत, टेप सुटतीय व्हय?"
दहा फूट दोन इंच. बारा फूट.
वर उघडा स्लॅब, पश्चिमेला खिडकी.
संध्याकाळी पाचला भिंतीला हात लावला
की ताप आलेल्या पोराचं कपाळ.

राजारामपुरीत, सातव्या गल्लीतल्या दुकानात
पूनम मगदूम नावाची मुलगी भराभर विचारत गेली:
मजला कितवा, ऊन कुठून,
खोलीत झोपतात किती जण?
"एक," मी म्हटलं. मग, "दोन. मी खाली, चटईवर."
तिनं लिहिलं, दोन.
"एक टन बास. उगीच दीड घेऊ नका,
मोठं मशीन चट्‌दिशी गार करून थांबतं,
हवा ओलीच राहते.
त्यापेक्षा गच्चीला आधी पांढरा रंग मारा."

टन.
आमच्या घरात टन म्हणजे वितळलेलं बीड,
उद्यमनगरातली भट्टी, लाल ओघळ,
आणि आप्पांच्या शर्टाला पडलेली बारीक बारीक भोकं
जी आई रविवारी दिव्याखाली मोजायची.

"हा टन वजनाचा नव्हे," पूनम म्हणाली,
"एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला
जेवढी उष्णता लागते
तेवढी हे मशीन दिवसभरात खोलीतून उचलतं
आणि बाहेर नेऊन टाकतं."

म्हणजे हमालच की.

मग तिनं दोन चिकटपट्ट्या दाखवल्या,
एकीवर तीन तारे, दुसरीवर पाच.
"गार दोन्ही सारखंच करतात.
तारे विजेच्या भुकेचे. जास्त तारे, कमी भूक.
आणि कोपऱ्यातलं साल बघा,
नियम बदलला की पाचाचे चार होतात,
मशीन तेच असलं तरी."
खाली वर्षाचे युनिट छापलेले.
दोन्हीत फरक एकशेऐंशीचा,
किमतीत नऊ हजारांचा.
"वसूल होतो सावकाश," ती म्हणाली,
"किती वर्षं वापरणार तुम्ही?"

दुकानातले सगळे टीव्ही एकच धबधबा दाखवत होते.
डॉक्टर शिंत्रे मार्चमध्ये म्हणाले होते,
दिवाळीपर्यंत बघू.
मी म्हटलं, "घरी विचारून सांगते."

आप्पांनी विचारलं, "पैसं कधी फिटणार?"
"दोन वर्षांत."
ते छताकडं बघत राहिले. ओठ हलत होते.
"युनिट दहा रुपयं धर.
अठराशेनं नऊ हजार. पाच लागतील.
खोटं बोलायचं तर भागाकार तरी नीट कर.
तीनाचाच आण."

मी पाचाचा आणला.

मेकॅनिकनं सव्वीसवर लावून दिला,
जाताना चिकटपट्टी काढायला नख घातलं
तर आप्पा पलंगावरून ओरडले, "ऱ्हाऊ दे ती!"
रात्री मला वाटलं झोपलेत,
पण निळ्या उजेडात त्यांचं बोट हवेत चालत होतं,
एक, दोन, तीन,
पुढचं मी पाहिलं नाही, कूस बदलली.

आठवड्यानं म्हणाले, खुर्ची गॅलरीत घे.
तिथं बाहेरचा डबा घरघरत होता,
शेजारच्या शिकलगारांची वाळत घातलेली टॉवेलं
त्याच्या वाऱ्यानं फडफडत होती.
आप्पांनी पंख्यापुढं तळहात धरला,
भट्टीचं तोंड उघडण्याआधी धरायचे तसा,
जरा तिरका, बोटं मिटलेली.

"ही आतली व्हय? माज्या खोलीतली?"
"हो."
बराच वेळ हात तसाच.

"मग लई शिल्लक हाय की अजून."