बाकी

पहाटे साडेपाचला इथली हवा
ताकावरच्या पाण्यासारखी निवळ असते.
पण पट्टी आम्हाला मिळाली दुपारी तीनची,
मार्चमध्ये, कराडला,
आणि कुंपणापलीकडे कुणीतरी पाचट पेटवलेलं.

कॅप्टन लोकापुरे म्हणाले, उडू.

पाच हजार फुटांवर त्यांनी दांडा ओढला,
ढकलला, सोडला, हात वर.
विमानानं मान खाली घातली, वर केली, पुन्हा जराशी खाली,
आता थांबणार,
तेवढ्यात खालून धुराचा ऊन गोळा आला
आणि पोटाला ढुशी देऊन गेला.

रात्री मी ती ढुशी बघत बसते.
सेकंदाला पन्नास आकडे.
यातली थरथर विमानाची किती, वाऱ्याची किती?
घाटावर उभं राहून
ही कोयना, ती कृष्णा, म्हणता येतं.
रेठऱ्याच्या पुलाखालून ओंजळ भरा आणि सांगा.

पहिल्यांदा मी वारा शून्य धरला.
सगळा दोष विमानाच्या माथी.
उत्तर आलं: हे कधीच सावरत नाही,
प्रत्येक झोक्याला जास्तच झुकत जातं.
नौशाद मुजावर पान्याला लागलेलं ग्रीस पुसत होता.
म्हणाला, "मॅडम, उतरलं की ओ ते."

मग वाऱ्यालाही एक रकाना दिला.
त्याला चेहरा नाही, फक्त जोर.
विमानाचा स्वभाव अंदाजानं धरायचा,
पुढचा क्षण सांगायचा,
खऱ्यातून वजा करायचा,
आणि बाकी बघायची.
बाकीत लय सापडली, तर विमान अजून तिथं लपलंय.
लय नसेल, तर वाऱ्याचं वाऱ्याला दिलं.

साडेअकराला आईचा फोन, इस्लामपूरहून.
जेवलीस का. झोपत का नाहीस.
"बाकी काय?"
मी म्हणाले, अजून डुलतेय थोडी.
ती म्हणाली, "कोण?"

दीडच्या सुमाराला बाकी विस्कटली.
नुसती भुरभुर, दळताना जात्याभोवती उडते तशी.
सावरण्याचा आकडा: शून्य पूर्णांक चार,
अधिक-उणे एक दशांश.
हे अधिक-उणे मला खोडता येणार नाही.
साडेपाचच्या हवेत कदाचित कमी झालं असतं,
पण त्या हवेत कोण कशाला हादरतं?

अर्जावर सही करायला पान उलटलं,
तर हवेच्या रकान्यात
कॅप्टनच्या तिरक्या अक्षरात:
बरी होती.