दुसरा किलोमीटर

घड्याळ म्हणतं, एका किलोमीटरला
नऊ मिनिटं बेचाळीस.
काल नऊ एकतीस होती.
अकरा सेकंद कुठे सांडले
म्हणून मागे वळून पाहते :
शिरोड्याच्या ओल्या पुळणीत माझीच पावलं,
उजवं जरा जास्त रुतलेलं.

सुरूच्या बनापासून इथवर दीड भरतं.
दोन व्हावेत म्हणून रोज टाचेने
पुढे रेघ मारून ठेवते,
भरती ती घेऊन जाते.
मग रेघ नेमकी कुठे होती
यावर माझंच माझ्याशी भांडण.

रापण ओढणारा बावतीस विचारतो,
"कोण गो पाठी लागलाहा?"
कोणी नाही, म्हणते. मध्येच धाप लागते,
त्याला 'कोणी' एवढंच ऐकू जातं.

दहा-बारा जण कमरेला दोर लावून
उलटे चालतात, समुद्राकडे तोंड करून.
किती झालं, कोणी विचारत नाही.
जाळं आलं की झालं.

दोराला एक जागा मोकळी.
"पयलो दम घे," बावतीस म्हणतो.
घेते. मग धरते.

पुष्कळ वेळाने मनगट थरथरतं :
दुसरा किलोमीटर,
सदतीस मिनिटं.

बांगडे मात्र बरे लागले.